खिडकीजवळचं तिसरं बाक

रविवार, २ फेब्रुवारी

आज पाळकसाहेबांच्या डोक्यावर चर्च पडलं. सगळं नव्हे, थोडंसं.

मूक प्रार्थना चालू होती. आमच्या वरच्या चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहायचं आणि गाण्याला बसायचं ही रीत. त्यामुळे सगळे उभे, डोळे मिटलेले. वरून आधी पीठ चाळल्यासारखी भुकटी आली, मग ओंजळभर लाकूड. पाळकसाहेब तरुण आहेत आणि भाविक आहेत, म्हणून डोळे न उघडता केसांत सगळं साठवून घेत राहिले. मास्तरांनी मात्र मध्येच खणखणीत "आमेन!" म्हटलं. मास्तर आमच्या मंडळीतले सर्वांत जुने पंच, आयुष्यभर शाळेत शिकवलेले. त्यांनी प्रार्थना अर्ध्यावर तोडलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

दुपारी सुतारचाचांना बोलावलं. चाचा उतारावरच्या मशिदीत पाचही वेळा हजर असतात आणि मधल्या वेळात गावाचं सगळं लाकूडकाम बघतात. शिडीवर चढून त्यांनी मुख्य तुळईत बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"ही तुळई नाही," चाचा वरून म्हणाले, "हा केक आहे."

वाळवी. सबंध छप्पर उतरवावं लागणार. घंटेची चौकटसुद्धा गेली, घंटा काढून जमिनीवर ठेवली. चर्चला कुलूप. चाव्या माझ्याकडे असतात, एवढ्याच गुणावर मला छप्पर समितीचा अध्यक्ष केलं. जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली, आता छप्पर.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं, हळहळेल. तर म्हणाली, "मग आता उपासना कुठे?" आणि माझ्याकडे बघतच राहिली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खालच्या चर्चच्या पाळकबाई टेकडी चढून आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "छप्पर होईपर्यंत आमच्याकडे या. एकत्रच उपासना करू."

त्या गेल्यावर मास्तर म्हणाले, "त्यांच्याकडे? आजोबा उठून बसतील थडग्यातून."

"उठतील की बसतील, नक्की ठरवा," मी म्हटलं. "दोन्ही चर्चं त्याच्यावरूनच वेगळी झाली म्हणतात."

खरं कारण कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं बाप्तिस्म्यावरून, कुणी म्हणतं बाजाच्या पेटीवरून. एवढं खरं की आजोबांच्या पिढीत मंडळी फुटली, अर्धी टेकडीवर राहिली आणि अर्ध्यांनी खाली नवी इमारत बांधली. खालचे प्रार्थनेला बसतात आणि गाण्याला उभे राहतात. म्हणजे आमच्या बरोब्बर उलट. मुद्दाम केल्यासारखं.

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, पर्याय काय? मैदानात बसायचं?"

"उभं राहू," मास्तर म्हणाले. पण शेवटी 'तात्पुरतं' या शब्दावर राजी झाले. ठरावात तो शब्द तीनदा घालायला लावला.

हिला सांगितलं तर एकदम म्हणाली, "जाऊ या की!" आणि कपाटातून चांगले बूट काढून पुसायला बसली. ही मूळची खालचीच. हिचे वडील खाली घंटा वाजवायचे. लग्नानंतर वर आली. आमच्याकडे बायकोने नवऱ्याच्या चर्चला जायचं अशी पद्धत, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. बायकांना नव्या जागेची हौस असते एवढं खरं.

रविवार, ९ फेब्रुवारी

देवाने आज हसू आवरलं असेल तर त्याचा संयम थोर.

पाळकबाई म्हणाल्या, "आपण प्रार्थना करू." खालचे सगळे बसले. आम्ही सगळे उठलो. मग गाणं. खालचे उठले, आम्ही बसलो. उभ्या माणसांच्या मागे बसून गायचं म्हणजे कोटांच्या पाठींना स्तुती ऐकवायची. पुन्हा प्रार्थना, पुन्हा उलट. शिवणयंत्राची सुई आणि खालचा शटल जसे आळीपाळीने काम करतात तसं चाललं होतं. फरक एवढाच की तिथे टाका पडतो. इथे काहीच शिवलं जात नव्हतं.

मधल्या ओळीत दोन्हीकडचे मिसळून बसले होते. त्यांचं तर चुकतमाकत अर्धवट वाकून उभं राहणं चाललं होतं, धड ना इकडे ना तिकडे.

आणखी एक. आत शिरल्यावर मी जागा शोधतोय तोवर ही सरळ चालत जाऊन उजवीकडच्या खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसली. कुणाला विचारणं नाही, काही नाही. मला मागून जावं लागलं. तिथे वारा येतो हे मात्र खरं. आणि बिचारीचा गोंधळ बघा, सबंध उपासनाभर ती खालच्यांसारखीच उठत-बसत होती. मी बाही ओढली तरी लक्ष नाही. गुडघे दुखत असतील, प्रार्थनेला उभं राहवत नसेल.

उपासनेनंतर चहा होता. आमचे एका भिंतीला, त्यांचे दुसऱ्या. तेल आणि पाणी. मध्ये टेबलावर बिस्किटं एकटीच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ही हल्ली गुणगुणते.

मला यंत्राचा आवाज ऐकून रोग कळतो. दुकानात कुणी मशीन ठेवून नुसता चाकाला हात लावला तरी मी सांगतो, दोरा अडकलाय का पट्टा सैल झालाय. पण हिचं हे गाणं काही ओळखू येईना. आपल्या पुस्तकातलं नाही. विचारलं, "काय म्हणतेस?" तर म्हणे, "कुठे काय?" आणि पुन्हा भांडी घासताना तेच.

चाचा आज दुकानात आले. स्टुलावर बसले, चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "अध्यक्षसाहेब, बातमी वाईट आहे. म्हणजे तुमच्या एकट्यासाठी वाईट नाही."

वाळवीची मातीची वाट शोधत ते उतारावरून खाली आले. वाट भिंतीखालून मशिदीत गेलेली. तिथल्या पुस्तकांच्या कपाटाची पाठ पोकळ. तिथून पुढे मंदिराच्या दाराची चौकट. आणि शेवटी खालच्या चर्चची जमीन. सगळ्यांच्या खाली एकच वारूळ.

"एकाने औषध मारलं की ती दुसऱ्याकडे पाहुणी जाणार," चाचा म्हणाले. "चौघांनी एकाच दिवशी मारलं तरच जाईल. आपल्यात एकी नाही, पण तिच्यात बघा! चारी घरी जेवते आणि कुणाशी वाद नाही."

सोमवार, १७ फेब्रुवारी

चौघांची बैठक माझ्या दुकानात झाली. कारण मशिदीत घ्यावी तर हे म्हणणार, मंदिरात घ्यावी तर ते म्हणणार, आणि चर्च म्हटलं तर कुठलं, वरचं की खालचं? शिवणयंत्रांना धर्म नसतो. पाळकबाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या, पाळकसाहेब उंबऱ्यात, मौलवीसाहेबांना खुर्ची दिली कारण त्यांची कंबर धरते, आणि पुजारीबुवा उलट्या ठेवलेल्या खोक्यावर. चाचा उभेच. ते म्हणाले, सुताराला बसलेला पाहिला की गिऱ्हाईक पैसे कापतं.

दिवस कुठला? शुक्रवार मौलवीसाहेबांचा. रविवार आमच्या दोघांचा. शनिवारी खाली लग्न. पुजारीबुवांनी आपले गर्दीचे दिवस सांगायला सुरुवात केली तेव्हा मौलवीसाहेब म्हणाले, "बुवा, रिकामे सांगा, लवकर होईल."

बुधवार कुणाचाच नव्हता. बिचारा. तोच ठरला, सव्वीस तारीख.

मग सामान बाहेर काढण्याचं आलं. चाचांची अट अशी की लाकडाची एकूण एक वस्तू उन्हात आली पाहिजे आणि तपासून मगच आत जाईल. पुजारीबुवा म्हणाले, "आमच्याकडे मोठी ताडपत्री आहे." मौलवीसाहेब म्हणाले, "आमची पोरं उचलाउचलीला येतील. चारीकडे." पाळकबाई म्हणाल्या, "चहा आमचा." सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले. ते लाजून म्हणाले, "आमच्याकडे सध्या फक्त वाळवी आहे."

सगळ्यांत मोठ्याने पुजारीबुवा हसले. खोकं मोडलं. चाचांनी तिथल्या तिथे ठोकून दिलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

असा दिवस माझ्या जन्मात झाला नाही. हात दुखताहेत, तरी लिहितो.

सकाळी उताराच्या रस्त्यावर चारी घरांचा संसार मांडला. बाकं, कपाटं, चौरंग, पेट्या, दारं, पुस्तकांच्या चवडी, दिव्यांचे खांब. कुणाचं काय हे कळेना. आमची दानपेटी मंदिराच्या सामानात निघाली. पुजारीबुवांनी ती दोन्ही हातांनी आणून दिली, म्हणाले, "उघडली नाही हो, वजनावरून कळलं आमची नाही." मास्तर पहाऱ्याला म्हणून काठी घेऊन बसले होते, तेही हसले. मग आवरतं घेतलं.

दुपारी मशिदीच्या लोकांची नमाजाची वेळ झाली. गालिचे सगळे कपाटांखाली दबलेले. तेव्हा बुवांची ताडपत्री झटकून त्यांनी तीच अंथरली. जागा कमी पडली तशी शेवटची ओळ आमच्या चर्चच्या सतरंजीवर. नमाज संपेपर्यंत पुजारीबुवा सगळ्यांच्या बुटांजवळ राखण करत बसले. म्हणाले, "आमच्याकडे रोजचं काम आहे, सवय आहे."

मी मास्तरांना म्हटलं, "बघा, ही मंडळी एकाच वेळी उठतात, एकाच वेळी वाकतात, एकाच वेळी बसतात."

मास्तर म्हणाले, "हं." पण बराच वेळ बघत होते.

दुपारनंतर चाचा खालच्या चर्चची बाकं तपासत होते. एकेक बाक उलटं करायचं, ठोकायचं, कान लावायचा. एका बाकाच्या पाठीवरच्या कडेला त्यांनी बोट फिरवलं आणि थांबले. चष्मा लावला.

"इकडे या सगळे," म्हणाले. "ही वाळवी नाही. हे दात आहेत."

गर्दी जमली. खरंच, कडेला ओळीने लहान लहान खाचा. कुत्र्याचे म्हणावेत तर उंची जास्त. चाचा म्हणाले, "माणसाचे. आणि दुधाचे. कुण्या लेकराने उपदेश चालू असताना बाक खाल्लंय."

पाळकबाई म्हणाल्या, "माझ्या आधीचं काम आहे हे! माझे उपदेश छोटे असतात."

सगळे हसून हसून बसले. आमच्या पाळकसाहेबांनी तर खाचांवर आपला जबडा लावून मोजमाप केलं. ही माझ्या शेजारी उभी होती. तोंडावर हात घेतलेला, कानापर्यंत लाल. ऊन फार होतं आज.

"रंधा मारतो," चाचा म्हणाले. "एका हातात गुळगुळीत होईल."

"नको!" ही ओरडली. इतक्या मोठ्याने की पलीकडे मौलवीसाहेबांनी चहा सांडला.

सगळे वळून बघायला लागले. ही म्हणाली, "म्हणजे... वाळवी नाही ना ती. मग उगाच लाकूड कशाला खरवडायचं?"

खरं आहे तिचं. काटकसरी बाई आहे.

रविवार, २ मार्च

उठबस चालूच. मास्तर प्रार्थनेला आता जरा जास्तच ताठ उभे राहतात, घरच्या संस्थानाचा झेंडा असल्यासारखे. खालच्यांतला एकजण गाण्याच्या वेळी मागे वळून त्यांना म्हणाला, "मास्तर, उठा, तब्येतीला चांगलं." मास्तर म्हणाले, "तुम्ही बसा, स्वभावाला चांगलं."

पण चहाच्या वेळी एका भिंतीचे चारदोन दुसऱ्या भिंतीला गेले होते. बिस्किटं संपली. सव्वीस तारखेचा गुण.

पुजारीबुवांनी निरोप पाठवला आहे, त्यांच्या चौकटीत नवं लाकूड बसलं. मौलवीसाहेबांचं कपाटही तयार. राहता राहिलं आमचं छप्पर.

शुक्रवार, १४ मार्च

चाचा आणि त्यांची माणसं झपाट्याने काम करताहेत. मशिदीतल्या पोरांनी कौलं वर चढवायला रांग लावली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही आमच्या घरी! घंटेची चौकट तेवढी मागाहून होईल. मी धावत घरी येऊन हिला ही गोड बातमी दिली.

"बरं झालं," ती म्हणाली.

सूपमध्ये मीठ दोनदा पडलं होतं.

मग उगाच खुर्चीवर बसून राहिली. विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हणाली, "कुठे काय?" डॉक्टरांकडे न्यावं का? हवा बदलते आहे, या दिवसांत बरेच जण मरगळतात.

आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. घरात आवाज नाही. गुणगुणणं बंद आहे. चालतं मशीन मध्येच थांबलं तर मी आधी बघतो की दोरा कुठे तुटला. इथे काय बघायचं?

मंगळवार, २५ मार्च

आज मास्तरांनी पंचांच्या बैठकीत आश्चर्य घडवलं. पुढचा रविवार खालचा शेवटचा. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "त्यांनी दोन महिने आपल्याला घरात घेतलं. जाताना आभार म्हणून एक दिवस त्यांच्या रीतीने वागावं असं मला वाटतं. प्रार्थनेला बसू. गाण्याला उठू. पण आधी कुणाला सांगायचं नाही. त्यांना अचानक दिसलं पाहिजे."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "मास्तर, आजोबा?"

"त्यांचं मी बघून घेईन," मास्तर म्हणाले.

गुपित आहे म्हणून हिला फक्त थोडक्यात सांगितलं. ऐकून अशी हसायला लागली की खुर्चीचा हात धरला. मला कळेना यात हसण्यासारखं काय. मास्तरांच्या मनाचा मोठेपणा बघायचा की हसायचं?

"काल पाळकबाई आल्या होत्या ना घरी," ही डोळे पुसत म्हणाली.

"हो, तुम्ही दोघी आत काहीतरी कुजबुजत होतात. काय हवं होतं त्यांना?"

"वरच्यांच्या चालीरीती विचारत होत्या. केव्हा उठतात, केव्हा बसतात, नीट समजावून घेतलं."

चांगली बाई आहे. जिज्ञासू. मी म्हटलं, "मग तू आमचं गुपित नाही ना सांगितलंस?"

"मी?" ही म्हणाली. "दोन्हीकडचं मीठ खाल्लंय मी. एक शब्द बोलणार नाही." आणि पुन्हा हसायला लागली. निदान हसली तरी.

रविवार, ३० मार्च

कुठून सुरुवात करू?

पाळकबाईंनी मौलवीसाहेबांना, पुजारीबुवांना आणि चाचांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते मागच्या बाकावर. चर्च खच्चून भरलेलं. पाळकबाई म्हणाल्या, "आपण प्रार्थना करू."

मास्तरांनी मान हलवली. आम्ही सगळे वरचे धाडकन बसलो.

आणि खालचे सगळे उठले.

ते आमच्याकडे बघताहेत, आम्ही त्यांच्याकडे. त्यांनीही तेच ठरवलं होतं! पाहुण्यांच्या मानासाठी आज पाहुण्यांची रीत! मास्तर गडबडीने उठले, तसे आम्ही उठलो. ते बघून खालचे बसले. आम्ही उभेच आहोत हे पाहून ते पुन्हा उठायला लागले, तोवर आम्ही बसत होतो. मागून पुजारीबुवांचा आवाज आला, "मौलवीसाहेब, आपण नक्की कधी उठायचं?" मौलवीसाहेब म्हणाले, "माझी कंबर धरलीय बुवा. मी कुणाच्याच बाजूने उठत नाही."

हसण्याने काचा वाजल्या. मास्तरांनी टेकायला समोरच्या माणसाचा खांदा धरला, आणि तो 'तब्येतीला चांगलं'वाला निघाला. दोघं एकमेकांना धरून हसत होते. पाळकबाईंनी व्यासपीठावर डोकं टेकलं. पाळकसाहेबच शेवटी उठून म्हणाले, "देवा, आम्ही कसेही असलो तरी ऐक." आणि तीच प्रार्थना झाली. कोण बसलं होतं, कोण उभं, कुणी पाहिलं नाही.

ही मात्र पहिल्यापासून शांतपणे बसली होती. तिला आधीच सगळं माहीत होतं! काय बाई आहे!

पण खरं लिहायचं ते पुढचं. शेवटचं गीत सुरू झालं. खालच्यांचं निरोपाचं गीत, आमच्या पुस्तकात नाही ते. पहिली ओळ ऐकली आणि माझे कान टवकारले. हेच. भांडी घासताना, बूट पुसताना, हेच.

ही उभी राहिली आणि गायला लागली. पुस्तक न उघडता. मोकळ्या आवाजात. इतकी वर्षं आमच्या चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसून ओठ हलवते. मला वाटायचं हिला आवाजच नाही. आणि हा आवाज! पुढच्या बाकावरचे वळून बघत होते. तिचे डोळे मिटलेले होते, आणि उजव्या हाताचं बोट पुढच्या बाकाच्या कडेवर फिरत होतं, आंधळ्याने आपल्या घराची भिंत चाचपावी तसं. एकेका खाचेवरून. खाच चुकत नव्हती.

मी बघत राहिलो. गायचं राहून गेलं.

घरी चालत येताना उतारावर मी विचारलं, "दुधाचे दात?"

म्हणाली, "बाबा घंटेच्या दोरीपाशी उभे असायचे. तिथून त्यांना मी दिसावी म्हणून ते बाक. उपदेश फार लांब असायचा हो."

शनिवार, ५ एप्रिल

छप्पर झालं. समितीने माझे आभार मानले. उद्या सकाळी मी कुलूप उघडायचं, फुलं, गाणी, मग चहा. मी म्हटलं, "एक रविवार वर, एक रविवार खाली असं दोन्ही मंडळ्यांनी कायमचं करायला काय हरकत आहे?"

मास्तर म्हणाले, "विचार करू." मास्तरांचा विचार म्हणजे पिकायला वेळ लागतो. पण 'नाही' म्हणाले नाहीत, आणि 'तात्पुरतं' हा शब्दही काढला नाही.

मग मी चाव्या काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. "उद्या तुम्हीच उघडा."

"अध्यक्ष कुठे चालले?"

"अध्यक्षांना काम आहे," मी म्हटलं.

रविवार, ६ एप्रिल

ही चांगले बूट घालून तयार झाली. फाटकाबाहेर पडल्यावर वर वळली. मी खाली वळलो.

"अहो, चुकलात. चर्च वर आहे."

"आहे ना. पळून चाललंय का? ये."

आली. दोन पावलं मागून, मग बरोबरीने.

पण मी किती शहाणा बघा! खालच्या चर्चचं दार उघडं आणि आत चिटपाखरू नाही. अर्थात! आमच्या नव्या छपराच्या उपासनेला पाळकबाई सगळ्यांना घेऊन वर गेल्या होत्या. आम्ही इकडच्या रस्त्याने उतरलो, ते पलीकडच्या पायऱ्यांनी चढले. मास्तरांच्या गुपिताचं झालं तेच माझ्या गुपिताचं. मी कपाळावर हात मारला. "चल, वर जाऊ, पोचू अजून."

ही आत गेलीसुद्धा होती. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी शेजारी.

"आता उपदेश कोण करणार?" मी विचारलं.

"कुणी नको. बाक शिल्लक राहू दे."

खिडकीतून वारा येत होता. कोपऱ्यात घंटेची दोरी हलत होती. ही तिकडे बघत होती. मी म्हटलं, "वर आमची घंटा अजून चढलेली नाही. छप्पर नवं, आणि घंटा नाही, बरं दिसत नाही ते."

"माझ्याने ओढवेल?"

"मी आहे की मागे."

पण मला हात लावावाच लागला नाही. दोन्ही हातांनी दोरी धरून, टाचा उचलून, तिने अशी ओढली की वर कुठेतरी कबुतरं उडाली. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा ओढताना ती हसत होती, आणि घंटेच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं म्हणून मीही मोठ्याने हसलो.

घंटा थांबली. आम्ही परत बाकापाशी आलो. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी वर जाऊ. तुमचंही बाक वाट बघत असेल."

"त्याला दात नाहीत," मी म्हटलं. "थांबेल."

तेवढ्यात वरून गाणं आलं. आमच्या वरच्या चर्चच्या खिडक्या अजून बसायच्या आहेत, त्यामुळे आवाज सगळा उतारावरून घरंगळत खाली येतो. तिचंच गीत होतं. दोन्ही मंडळ्या गात होत्या.

ही उभी राहिली. मीही राहिलो. वरचे उभं राहून गात होते की बसून, ते खालून काही कळलं नाही.